अवजड ट्रकवर उतरवता येणारी राहण्याची खोली बांधायची आहे. ती सरळ चासीला बोल्टने आवळली तर चालेल का?

नाही, सरळ चासीला आवळू नका. पलंग कुठे, ओटा कुठे हे नंतरही बदलता येतं. खोली आणि चासी यांचा सांधा चुकला तर सगळंच उकलावं लागतं. मला ते एकदा उकलावं लागलंय, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

ट्रकची चासी म्हणजे एक शिडीच: दोन लांब पोलादी तुळया आणि मधे आडव्या पट्ट्या. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर गेलं की ही शिडी पिळते, आणि तिने पिळावं अशीच ती बनवलेली असते. तुमची खोली मात्र डब्यासारखी ताठ असणार. दोन्ही घट्ट बांधली की तो पीळ कुठून तरी बाहेर पडणारच. माझ्या पहिल्या खोलीत तो दारातून बाहेर पडला. सपाट जागेवर दार अलगद लागायचं, पण खडबडीत जागी ट्रक उभा केला की कडी खाचेच्या बोटभर वर राहायची. पुढे चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात केसासारखी चीर दिसली आणि पावसात तिथून पाणी झिरपू लागलं.

बांधकामाआधी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या. चासीवर पुढे एक आणि मागे एक अशा दोन सरळ फळ्या आडव्या ठेवा. मग पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक मजबूत ठोकळ्यांवर चढवा आणि ट्रकच्या मागे उभं राहून बघा. मघाशी समांतर दिसणाऱ्या फळ्या आता कात्रीसारख्या उघडलेल्या दिसतील.

उतरवायची खोली असेल तर दोन थर करा. वरचा थर म्हणजे खोली, आणि खालचा थर म्हणजे ट्रकवर कायम राहणारी ताठ सबफ्रेम (चासीवर बसणारी वेगळी पोलादी चौकट). तिला मागे दोन पक्के टेकू द्या आणि पुढे मधोमध एकच फिरती खुंटी. तीन बिंदूंवर टेकलेल्या वस्तूला पीळ बसत नाही. मात्र त्या एका खुंटीवर बराच भार एकवटतो, म्हणून तिथे चासी किती भार घेऊ शकते हे ट्रक कंपनीच्या बॉडी बांधणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेत बघूनच जागा ठरवा. तुळईच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. उभ्या बाजूला कंपनीने दिलेली भोकं वापरा. फक्त पक्क्या रस्त्यानेच फिरणार असाल तर पुढच्या बाजूला स्प्रिंग लावलेले बोल्टही पुरतात.

या सबफ्रेमवर चार कोपऱ्यांत मालवाहू कंटेनरला असतात तसे ट्विस्टलॉक बसवा. ते 90 अंश फिरवले की खोली सुटते. सुटलेली खोली खाली घ्यायला पाय लागतात, आणि इथे बरेच जण फसतात: उतरवताना पाय ट्रकच्या रुंदीच्या बाहेर आले पाहिजेत, नाहीतर ट्रक त्यांच्यामधून निघणारच नाही. ट्रकला एअर सस्पेन्शन (स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे) असेल तर काम फार सोपं होतं. ट्रक उंच करायचा, पाय लावायचे, लॉक सोडायचे, ट्रक खाली बसवायचा आणि सावकाश पुढे काढायचा. जमीन मऊ असेल तर पायांखाली रुंद फळ्या हव्यातच.

वजन कागदावर जुळलं तरी काट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोला. 300 लिटर पाणी म्हणजे 300 किलो. टाकी आणि बॅटऱ्या खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या वाटून ठेवा, आणि टाकीत आडवे पडदे घाला, म्हणजे ब्रेक दाबल्यावर पाणी पुढे उसळणार नाही. भिंतींना दोन्ही बाजूंनी फायबरग्लास आणि मधे फोम असलेलं पॅनेल घ्या. पॅनेलमधून आरपार जाणारा धातू मात्र टाळा, थंडीत त्यावर आतून दव धरतं.

ड्रायव्हरची केबिन पुढे कलते आणि चालताना हलतेही. म्हणून खोलीत जायची वाट तिच्यातून काढायची असेल तर मधे लवचिक भाताच हवा. खरं तर खोली उतरवायचीच असेल तर ही वाट टाळा, मी दुसऱ्या वेळी टाळली. ट्रक आणि खोली यांच्यामधे मी एकच विजेची तार ठेवली, तीही हाताने सुटणाऱ्या प्लगची. पाणी, गॅस आणि गटाराची टाकी सगळी खोलीच्याच पोटात आहे, त्यामुळे उतरवताना पाइप सोडावे लागत नाहीत.