‘उत्तेजक’ म्हणावं की ‘चेतक’?

प्रश्न असा: लघवीची वारंवार घाई होणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या मिराबेग्रॉन या औषधाच्या माहितीपत्रकात ‘बीटा-३ ॲड्रेनर्जिक रिसेप्टर ॲगोनिस्ट’चं मराठी ‘मूत्राशय-उत्तेजक’ केलं आहे. चालेल का?

नाही चालणार, अर्थ पार उलटा होतो. चेतवला जातो तो रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा; स्नायू नव्हे. मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूला डेट्रुसर म्हणतात. लॅटिन मुळाप्रमाणे ‘खाली ढकलणारा’. त्याच्यावरचा बीटा-३ रिसेप्टर चेतवला की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि ढकलणारा सैल पडतो. पिशवीत जास्त लघवी मावते, घाई कमी होते. ‘मूत्राशय-उत्तेजक’ वाचणाऱ्याला मात्र वाटणार, गोळी घेतली की धावत सुटावं लागेल!

मूत्राशयाच्या मानेशी, आणि पुरुषांत प्रोस्टेटमध्येही, अल्फा-१ रिसेप्टर असतात. ते चेतवले की स्नायू आवळतो. म्हणजे निरोप एकच, पण भिंत सैल आणि मान घट्ट. लघवी साठते ती अशी. प्रोस्टेट वाढल्यावर दिलं जाणारं टॅमसुलोसिन हे अल्फा-१ रिसेप्टर अडवतं, मान सैल होते आणि वाट मोकळी होते. म्हणून दोन्ही औषधांना नुसतं ‘मूत्राशय-शिथिलक’ म्हणणंही घातक: एक साठवायला मदत करतं, दुसरं सोडायला. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन उलट मान आवळतं. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी त्याने तुंबू शकते.

रिसेप्टरला ‘ग्राही’ बरा. ‘ग्राहक’ म्हटलं की दुकान आठवतं. ॲगोनिस्ट म्हणजे ‘चेतक’, अँटॅगोनिस्ट म्हणजे ‘रोधक’. ‘विरोधी’ नको, कोणाचा विरोध ते कळत नाही.

‘ॲड्रेनर्जिक’ मात्र तसाच ठेवावा. ‘अधिवृक्कीय’चा मोह होतो, कारण ॲड्रेनल या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या नावाची लॅटिन फोड (‘मूत्रपिंडाजवळची’) आणि अधि + वृक्क (मूत्रपिंड) यांची जोडी सुरेख जमते. पण मूत्राशयात हा निरोप मुख्यतः मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणारं नॉरॲड्रेनलिन हे रसायन आणतं, ती ग्रंथी नव्हे. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९३३ मध्ये ‘ॲड्रेनर्जिक’ शब्द घडवला तोही मज्जातंतूंसाठीच.

तेव्हा पत्रकात ‘बीटा-३ ॲड्रेनर्जिक ग्राहीचेतक’ लिहा आणि लगेच पुढे ‘मूत्राशयाची भिंत सैल करणारं औषध’ जोडा. ‘भिंत’ हा शब्द गाळू नका.