सासूबाईंची गोळी

प्रश्न : मला सातवा महिना आहे. कंबर फार दुखत होती, म्हणून सासूबाईंची गुडघेदुखीची एक डायक्लोफेनॅकची गोळी घेतली. बाळाला धोका आहे का?

उत्तर : एका गोळीने घाबरून जाऊ नये, मात्र दुसरी घेऊ नये आणि डॉक्टरांना आजच कळवावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांमुळे २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडांचे काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकते, आणि शेवटच्या तिमाहीत, जन्मानंतरच बंद व्हायची हृदयाजवळची रक्तवाहिनी आधीच आकसू शकते. पॅरासिटामॉल सहसा चालते, तेही सांगितलेल्या मात्रेत. पण आपल्याकडे अनेक गोळ्यांत ते आयबुप्रोफेनसोबतच असते, तेव्हा पाकिटामागची बारीक अक्षरे वाचावीतच. डॉक्टरांनी कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली असल्यास ती मात्र परस्पर बंद करू नये.