व्याध जागेवर आहे ना?

‘‘मॅडम, पोरगं रात्री दोनला उठतं आणि गच्चीवर जातं. तारे जागेवर आहेत का बघायला. मी समजावते, तेवढ्यापुरतं ऐकतं. अर्ध्या तासाने परत तेच. किती वेळा सांगायचं?’’

‘किती वेळा सांगायचं’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतोच. कुणाच्या मुलाला भूकंपाची भीती असते, कुणाच्या मुलीला आई मरेल याची. या घरात विषय होता सूर्याजवळ लपलेल्या, न दिसणाऱ्या मेलेल्या ताऱ्याचा. नारायणगावच्या बाजूचं कुटुंब, वडील टोमॅटोच्या व्यापारात, आई घर आणि हिशेब दोन्ही बघणारी, आजी, आणि आठवीतला हा मुलगा. (त्यांची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

पहिल्या दिवशी तो दोनशे पानी वही घेऊन आला. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे ‘आहे’, उजवीकडे ‘नाही’. डावी बाजू तीन पानं भरलेली, उजवीकडे चार ओळी, त्याही आईने सांगितलेल्या. पहिलीच ओळ : ‘आई म्हणते काही होणार नाही.’

त्याने व्हिडिओ पाहिला होता नेमेसिसचा. त्यामागची खरी गोष्ट अशी. १९८४ साली डेव्हिड रॉप आणि जॅक सेप्कोस्की या जीवाश्मांच्या अभ्यासकांनी मांडलं, की पृथ्वीवरचे मोठे जीवविनाश साधारण दर २ कोटी ६० लाख वर्षांनी आलेले दिसतात. त्याच वर्षी रिचर्ड मुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज बांधला, की सूर्याला एखादा न सापडलेला जोडीदार तारा असेल. त्याचंच नाव नेमेसिस. तो जवळ आला की लांबचे धूमकेतू हलवून आत ढकलत असेल. त्यांच्या डोक्यात होता मंद लाल तारा. व्हिडिओवाल्याने त्याचं कृष्णविवर, म्हणजे मरून आत कोसळलेला तारा, केलं आणि ते ‘लवकरच’ येणार म्हणून सांगितलं. मूळ गृहितकाच्याच हिशेबाने पुढची पाळी कोटभर वर्षं लांब आहे, एवढं मात्र गाळलं.

घरात उपाय चालूच होते. वडील म्हणाले, ‘‘टोमॅटोचा भाव कोसळतोय, त्याची काळजी कर.’’ आजी म्हणाली, ‘‘अरे, राहू-केतू तरी कुठे दिसतात? लागतंच ना ग्रहण?’’ आजीचा हेतू धीर द्यायचाच होता, पण वहीत डावीकडे एक ओळ वाढली. (राहू-केतू हे चंद्राच्या वाटेचे छेदनबिंदू आहेत, वस्तू नव्हेत, हे मी आजींना सांगायच्या फंदात पडले नाही.)

आणि मी? आईवडिलांना जे करू नका म्हणून रोज सांगते, तेच करत बसले. त्याला पटवायला लागले. रात्री वाचून ठेवलं होतं : वाइज नावाच्या अवरक्त दुर्बिणीने सगळं आकाश पिंजून काढलं, आणि २०१४ मध्ये केव्हिन लुमन यांनी त्यातून दाखवलं, की पृथ्वी-सूर्य अंतराच्या १० हजार पटींपर्यंत शनीएवढा आणि २६ हजार पटींपर्यंत गुरूएवढा एकही लपलेला ग्रह नाही. तारा तर दूरच. मुलाने शांतपणे ऐकलं, उजवीकडे लिहून घेतलं, मग पेन थांबवून म्हणाला, ‘‘पण मॅडम, अवरक्त म्हणजे उष्णता. कृष्णविवराला कुठे उष्णता असते?’’

बरोबर होतं त्याचं.

पुढच्या आठवड्यात वहीत काळ्या घोटीव कागदाची एक गोल टिकली चिकटवलेली. कंपासने काढलेली, ९ सेंटिमीटर. नेपच्यूनपलीकडच्या काही बर्फाळ गोळ्यांच्या कक्षा विचित्र एका बाजूला झुकल्यासारख्या वाटतात, म्हणून २०१६ मध्ये बॅटिगिन आणि ब्राउन यांनी नवव्या ग्रहाचा अंदाज मांडला. २०१९ मध्ये दुसऱ्या दोघांनी विचारलं, तो ग्रह नसून छोटं कृष्णविवर असेल तर? पृथ्वीच्या पाचपट वस्तुमान, आकार जेमतेम मोठ्या संत्र्याएवढा. ते मेलेल्या ताऱ्याचंही नव्हे, विश्वाच्या सुरुवातीचं. मुलाने ते तसंच, मूळ मापात कापून आणलं होतं. ‘‘एवढुसं,’’ तो टिकलीवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘कुणाला दिसणार?’’

त्या दिवशी मला कळलं की मी उत्तरं देत राहीन आणि तो प्रश्न आणत राहील. दर उत्तराने त्याला बरं वाटायचं, पण बरं वाटण्याची मुदत कमी होत चालली होती. आधी दोन दिवस, मग एक संध्याकाळ, मग अर्धा तास. आईलाही हेच जाणवलं होतं, तिच्याकडे त्यासाठी शब्द नव्हता एवढंच. खात्री मागणं हीच सवय झाली होती. गच्ची हा तिचा एक भाग, ‘हो ना आई?’ हा दुसरा.

एक कबुली द्यायला हवी. मीही या घरातला ‘न दिसणारा तारा’ शोधला. कर्ज, भांडणं, शाळेतली दादागिरी, एखादा मृत्यू. आमच्या धंद्यात हा मोह फार असतो. दोन बैठका त्यात गेल्या. काही सापडलं नाही. मुलाला खरोखरच ताऱ्याची भीती वाटत होती, दुसऱ्या कशाची नाही. उठून तपासण्याचा क्रम वाढतोय असं वाटल्याने मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवून घेतलं. ते ‘औषधाची गरज नाही, असंच चालू ठेवा’ म्हणाले. झोप आणि शाळा दोन्ही बुडत असतील, किंवा तपासणं दिवसागणिक वाढत असेल, तर हे दाखवणं टाळू नये.

मग आम्ही तिघांनी ठरवलं. रोज संध्याकाळी सहा ते सहा वीस ही चिंतेची वेळ. वही तेव्हाच उघडायची. रात्री प्रश्न आला तर चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, डबा उद्या सहाला उघडणार. आईने ‘काही होणार नाही’ म्हणायचं नाही. त्याऐवजी एकच वाक्य, ‘‘डब्यात टाक बाळा, मी इथेच आहे.’’ आईला हे फार जड गेलं. ‘‘मूल रडत असताना नुसतं डब्यात टाक म्हणायचं? दगड झाल्यासारखं वाटतं हो.’’ पहिल्या चार रात्री ती स्वतः स्वयंपाकघरात रडली. गच्चीवर जाणं एकदम बंद केलं नाही. आधी दहा मिनिटं थांबून जायचं, मग वीस, मग चाळीस. चाळीसपर्यंत बहुतेकदा त्याला झोप लागायची.

माहिती मात्र बंद केली नाही. पालक इथे गोंधळतात. पहिल्यांदा विचारलेला प्रश्न कुतूहलाचा, त्याचं उत्तर पोटभर द्यावं. तोच प्रश्न अकराव्यांदा आला की तो चिंतेचा. त्याला उत्तर देऊ नये, सोबत द्यावी.

कुतूहलाच्या खात्यात आमची एक बैठक व्याधावर झाली. तो रात्री तपासायचा ते हेच : मृगाचे तीन तारे आणि त्या रेषेत खाली झगमगणारा व्याध. मी विचारलं, ‘‘व्याधाच्या शेजारी काय आहे माहितीये?’’ त्याला माहीत नव्हतं. फ्रेडरिक बेसेलच्या लक्षात आलं होतं, की व्याध सरळ न जाता किंचित डुलत चालतो. १८४४ मध्ये त्याने जाहीर केलं, की कुणीतरी न दिसणारं त्याला ओढतंय. १८६२ मध्ये अल्व्हन ग्रॅहम क्लार्क नवी दुर्बीण तपासत असताना तो जोडीदार दिसला. श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेला तारा. वस्तुमान जवळपास सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर, मेलेल्या ताऱ्यांतला आपल्याला माहीत असलेला सर्वांत जवळचा.

मुलगा बराच वेळ गप्प. मग, ‘‘म्हणजे मी रोज ज्याच्याकडे बघतो, तिथेच आहे?’’

‘‘तिथेच. तुझ्या पणजोबांच्या वेळीही होता.’’

मग तो स्वतःच हिशेब करायला लागला. दिसण्याची गरज नाही, ओढ लपत नाही. कॅसिनी यान २००४ ते २०१७ शनीपाशी होतं, त्याच्या संदेशांवरून शनीचं अंतर शंभरेक मीटरच्या आत मोजलं गेलं. सूर्याएवढं वजन घराजवळ असतं तर ग्रहांच्या चालीत ते केव्हाच उघडं पडलं असतं. लांबचं काय? तिथे मी खोटं बोलले नाही. आकाशगंगेत विझत गेलेले न्यूट्रॉन तारे (मोठा तारा मेल्यावर उरलेले घट्ट गाभे) दहा कोटींच्या घरात असावेत आणि सापडलेत काही हजार, त्यामुळे काही डझन प्रकाशवर्षांवर एखादा न सापडलेला असूही शकतो. कृष्णविवरांपैकी माहीत असलेलं सर्वांत जवळचं, गाया बीएच १, साधारण १,५६० प्रकाशवर्षांवर आहे आणि तेही कळलं २०२२ मध्ये, शेजारच्या ताऱ्याच्या डुलण्यावरून. ‘‘म्हणजे ‘नाहीच’ असं कुणी लिहून देणार नाही,’’ तो म्हणाला. नाही देणार. त्या संध्याकाळी त्याने मधली रेघ खोडली नाही, पण तिच्या उजवीकडे आणखी एक रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘असला तरी’.

जानेवारीत चाचणी परीक्षा आली आणि सगळं पुन्हा बिघडलं. चार रात्री गच्ची, आईचं ‘हो रे, जागेवर आहेत’ परत सुरू. असं होतंच. आम्ही दहा मिनिटांपासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी आठवड्याभरात सावरलं.

फेब्रुवारीच्या शेवटी, विज्ञान दिनाला, वडील त्याला खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला घेऊन गेले. तिथल्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या या भागातल्या पोरांना नव्या नाहीत, रस्त्याने जाताना दिसतात. पण या तबकड्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्याच स्पंदनांवर कान देतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. गर्दीत त्याने तिथल्या एका माणसाला विचारलं, ‘‘तुम्ही सगळं आकाश तपासलंय का?’’

परतल्यावर माझ्यासमोर बसून त्याने उत्तर सांगितलं, काहीसं नवलाने. ‘‘नाही म्हणाले. रोज रात्रभर हवं तिकडे बघता येत नाही. आधी अर्ज करायचा, मग जेवढे तास मंजूर होतील तेवढेच बघायचं. त्यांनाही ठरलेलीच वेळ असते, मॅडम.’’

मी मान हलवली.

‘‘मग माझी सहाची वेळ साडेसात करता येईल का? सहाला क्रिकेट असतं.’’