सायली महेश दे आचरा

प्रिय सायली,

रविवारी मुनाईन या इथल्या स्पॅनिश गावाहून परत येताना तू गाडीत विचारलंस, "आई, आपल्याला एकच आडनाव का? माझ्या नावाच्या मध्ये बाबांचं नाव कशाला? आणि तुझं का नाही?" मी "घरी गेल्यावर सांगते" म्हटलं, आणि घरी आल्यावर भांडी, दुसऱ्या दिवशीचे डबे, तुझं गणित यांत ते राहूनच गेलं. तुझे तिन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणून नीट लिहूनच देते. सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर बाबांना विचार.

आधी तुझ्या मैत्रिणीचं आडनाव बघू. तिच्या वहीवर तू "लोपेस दे मुनाईन" वाचलंस आणि पुढे तिच्या आईचं आडनाव. तुला वाटलं, हिची तीन आडनावं. तसं नाही. "लोपेस दे मुनाईन" हे सगळं मिळून एकच आडनाव, जोडआडनाव म्हण. तिच्या बाबांकडून आलेलं. त्यानंतर येतं ते आईकडचं. स्पेनमध्ये प्रत्येकाला अशी दोन असतात, एक वडिलांकडून, एक आईकडून. फक्त तिचं पहिलंच तीन शब्दांचं आहे.

त्या तीन शब्दांत काय आहे? लोपे हे जुन्या काळातलं पुरुषाचं नाव. लॅटिनमध्ये लांडग्याला जो शब्द आहे त्यावरून आलेलं. नावाच्या शेवटी "एस" लागला की अर्थ होतो "त्याचा मुलगा". लोपेचा तो लोपेस, फर्नांदोचा फर्नांदेस, सांचोचा सांचेस, रोद्रिगोचा रोद्रिगेस. आज स्पेनमधली सगळ्यात जास्त आढळणारी दहा आडनावं घेतली तर त्यातली आठ अशीच बापाच्या नावावरून आलेली आणि "एस"नं संपणारी आहेत. (पहिला नंबर गार्सियाचा. हे पहिलं आडनाव असणारे १४ लाखांहून जास्त लोक आहेत.) आणि "दे मुनाईन" म्हणजे मुनाईन गावचा. म्हणजे तुझ्या मैत्रिणीच्या आडनावाचा सरळ अर्थ, "लोपेचा मुलगा, मुनाईन गावचा".

आता तुझं पूर्ण नाव मोठ्यानं म्हण. सायली महेश आचरेकर. सायली, महेशची मुलगी, आचरे गावची.

कळलं का? रविवारी गावाच्या पाटीपाशी तुझी मैत्रीण थांबली, पाटीवरच्या "मुनाईन"वर तिनं हात ठेवला आणि म्हणाली, "हे मी आहे." तू गप्प झालीस ते मी पाहिलं. पण अगं, तूही अशीच हात ठेवून उभी होतीस. तीन वर्षांपूर्वी मालवणहून एसटीनं आचऱ्याला उतरलो तेव्हा. तुझ्या हाताला पाटीवरचा लाल धुरळा लागला होता आणि तू तो माझ्या ओढणीला पुसलास. रामेश्वराच्या देवळात गुरवांनी नाव विचारल्यावर आजोबांनी "आचरेकर" एवढंच सांगितलं, आणि त्यांनी लगेच विचारलं, "खंयच्या वाडीतले?" मुंबईत आपल्याला ओळखायला आडनाव पुरतं. गावात सगळेच आचरेकर, तिथे वाडी सांगावी लागते.

तुझ्या मैत्रिणीच्या पूर्वजांचंही हेच झालं. बाराव्या-तेराव्या शतकात लोकांची नावं मोजकीच होती, त्यामुळे लोपेस खंडीभर. कुठला लोपेस? मुनाईनचा. कुठला ओर्तिस? सारातेचा. म्हणून लोपेस दे मुनाईन, ओर्तिस दे साराते. आपण राहतो त्या उत्तर स्पेनमधल्या आलावा प्रांतात अशी आडनावं इतकी आहेत की वितोरिया शहरातल्या कुठल्याही इमारतीच्या टपालपेट्या वाचल्या तर एखादं तरी सापडतंच. रुईस दे गाउना, लोपेस दे आर्मेंतिया, मार्तिनेस दे अमुक, फर्नांदेस दे तमुक. "दे"च्या पुढचं ते गाव नकाशावर शोध, बहुधा इथेच, तासाभराच्या आत सापडेल. बाबांना आवडणारा अ‍ॅथलेटिक बिल्बाओचा फुटबॉलपटू इन्यिगो रुईस दे गालारेता आठव. गालारेता हे गाव मुनाईनच्याच पंचक्रोशीतलं, दोन्ही सान मियान या एकाच नगरपालिकेत येतात. ही गावं आहेतही फार जुनी. १०२५ साल घातलेली एक यादी आहे, आलावातल्या गावांनी सान मियान दे ला कोगोयाच्या मठाला दरवर्षी किती लोखंडी कांबी द्यायच्या त्याची. त्यात गावांची नावं ओळीनं लिहिली आहेत, आणि त्यातली कितीतरी गावं आजही त्याच जागी नांदताहेत.

पण मग संपूर्ण स्पेनमध्ये अशी जोडआडनावं का नाहीत? हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. बऱ्याच ठिकाणी लोकांनी नुसतं "लोपेस" ठेवलं आणि गाव गाळलं. शेजारच्या गिपुस्कोआ आणि बिस्काइया प्रांतांत उलटं झालं. तिथे बहुतेकांनी बापाचं नाव गाळलं आणि घराचं किंवा गावाचं तेवढं ठेवलं. आलावाच्या लोकांनी दोन्ही धरून ठेवलं. इथे "हिदाल्गो" म्हणवणारी घराणी पुष्कळ होती. हिदाल्गो म्हणजे खानदानी, ज्यांना काही कर माफ असत. आपण कुणाचे आणि कुठल्या गावचे हे दाखवता येणं त्यांना महत्त्वाचं होतं. आपल्याकडे वतनाच्या कागदात घराणं आणि गाव लिहीत तसंच. उमरावांचीही अशी आडनावं आहेत, फर्नांदेस दे कोर्दोबा, उर्तादो दे मेंदोसा. त्यातलं मेंदोसा तर वितोरियाच्या बाहेरचं लहानसं गाव. आपण सायकलनं गेलो होतो ना, चौकोनी बुरुज आहे ते. १५६१ मध्ये अर्जेंटिनात एक शहर वसलं, त्याला चिलीच्या सुभेदाराच्या आडनावावरून मेंदोसा नाव दिलं. आता जगाला ते शहर माहीत आहे आणि मूळ गाव आपल्यासारख्या सायकलवाल्यांना.

आता तुझा दुसरा प्रश्न, बाबांचं नाव मध्ये का. त्यासाठी बुर्गोस शहरातला तो पुतळा आठव, पुलाजवळचा, घोड्यावर बसून तलवार पुढे केलेला. तो एल सिद, स्पेनचा जुना प्रसिद्ध योद्धा, खरं नाव रोद्रिगो दिआस दे विवार. विवार हे त्याचं गाव. दिआस का? तर वडील दिएगो. वडिलांचं नाव दिएगो लाइनेस, कारण आजोबा लाइन. आणि त्याच्या मुलाचं नाव दिएगो रोद्रिगेस, कारण वडील रोद्रिगो. म्हणजे अकराव्या शतकात आजोबा, बाप, मुलगा या तिघांचं ते मधलं नाव वेगवेगळं. आता हे म्हणून बघ: शहाजी मालोजी, शिवाजी शहाजी, संभाजी शिवाजी. अगदी तेच! दर पिढीला नाव एक घर पुढे सरकतं.

पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकापासून स्पेनमध्ये हे सरकणं हळूहळू थांबलं. बापाचं नाव थिजलं आणि आडनाव झालं. सोळाव्या शतकात चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या नीट लिहिल्या जाऊ लागल्या, १८७० च्या कायद्यानं सरकारी नोंदणी आली आणि दोन आडनावांची पद्धत कागदावर पक्की झाली. म्हणून तुझ्या मैत्रिणीच्या आडनावात जो लोपे आहे तो तिचा बाबा नाही, आजोबा नाही, पाचसहाशे वर्षांपूर्वीचा कुणी पूर्वज आहे. त्याचा चेहरा कुणाला ठाऊक नाही. तुझ्या नावातला महेश मात्र रोज सकाळी तुझ्या वेण्या घालतो. आपल्याकडे ते नाव अजून सरकतं आहे. तुझ्या नावात बाबा आहेत, बाबांच्या नावात आजोबा, आजोबांच्या नावात पणजोबा. मला हे फार मोलाचं वाटतं.

इथल्या दवाखान्याच्या कार्डावर तुझं नाव चुकलंय, हे तुला माहीतच आहे. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, तीन शब्द मोजले, आणि "महेश" पहिल्या आडनावाच्या चौकटीत घातलं, "आचरेकर" दुसऱ्या. त्यामुळे तुला "सायली महेश" म्हणून हाक येते आणि तू ओशाळतेस. तेव्हा मलाही राग आला होता. आता वाटतं, त्या बाईंनी नकळत सातशे वर्षांपूर्वीची आलावाची रीत तुला लावली. तू सायली महेश दे आचरा झालीस. कार्ड मात्र दुरुस्त करून घ्यायचं आहे, कागदपत्रांत एकच नाव असलेलं बरं.

आपल्याकडेही जोडआडनावं आहेत, फक्त वेगळ्या बांधणीची. फलटणचे नाईक निंबाळकर घे. निंबळक गावचे म्हणून निंबाळकर, आणि त्याआधी नाईक हा मान. शिवाजी महाराजांच्या राणीसाहेब सईबाई या फलटणच्या निंबाळकरांच्या घरातल्या. विखे पाटील, मोहिते पाटील यांतही घराणं आणि मान एकत्र आले आहेत. आणि वसईला आपली मावशी राहते त्या वाडीतले लोपीस आठवतात? मराठी बोलणारे, नाताळात तुला करंज्या देणारे? त्यांचं लोपीस आणि तुझ्या मैत्रिणीचं लोपेस मुळात एकच. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं, आणि पोर्तुगीजातही "लोपोचा मुलगा" असाच तयार होतो, लोपो म्हणजे त्यांचा लोपे. गोव्यातले फर्नांडिस, रॉड्रिग्ज हेही त्यातलेच. पुढच्या सुट्टीत लोपीस काकांना सांग, खूश होतील.

राहिला तिसरा प्रश्न, माझं नाव का नाही. हा सोपा नाही.

आपल्या इमारतीच्या खालच्या टपालपेट्या बघ. तिसऱ्या मजल्यावरच्या आजीआजोबांच्या पेटीवर दोघांची वेगवेगळी आडनावं आहेत. लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी त्या आजींनी आपलं आडनाव बदललेलं नाही. स्पेनमध्ये बाई लग्नानंतर आडनाव बदलतच नाही. माझ्या आईचं, तुझ्या जोशी आजीचं, काय झालं सांगू? लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहिलं, "मंगला". त्या क्षणापर्यंत ती सुशीला होती. वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं, तिचं स्वतःचं नावही गेलं. तिचे भाऊ भाऊबीजेला आले की दारातून "सुशे" म्हणून हाक मारायचे, आणि आई ज्या घाईनं हात पुसत बाहेर यायची ते मला अजून दिसतं. त्या तांदळाच्या ताटाबद्दल मला काही कौतुक नाही, हे तुला स्पष्ट सांगते. मी माझं नाव बदलू दिलं नाही, आडनाव मात्र बदललं. तेव्हा मला तेवढंच सुचलं.

इथेही सगळं समान होतं असं समजू नकोस. आईचं आडनाव मुलाला मिळतं, पण ते दुसऱ्या जागेवर. मुलं पुढे आपल्या पोरांना देतात ते सहसा पहिलं, म्हणजे बापाकडचं. आजीचं नातवंडांपर्यंत पोचता पोचता गळतं. शिवाय आईचं म्हणजे तरी तिच्या वडिलांचंच. १९९९ पासून आईबाबांनी दोघांनी ठरवलं तर क्रम उलटा करता येतो, आणि २०१७ पासून बापाचं आपोआप पहिलं हा नियमही गेला. दोघांनी मिळून सांगावं लागतं, जमलं नाही तर नोंदणी अधिकारी ठरवतो.

आपल्या महाराष्ट्रातही बदल झालाय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. तुझी चिमुकली चुलतबहीण त्यानंतरची. म्हणून तिच्या दाखल्यावर "अन्वी स्नेहल प्रसाद आचरेकर" असं आहे. काकूनं मला त्याचा फोटो पाठवला तेव्हा मी तो दोनदा वाचला. तू आधी जन्मलीस, म्हणून तुझ्या नावात मी नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटतं. तुला विचारायचा पूर्ण हक्क होता.

पुढेमागे स्पेनचं नागरिकत्व घ्यायचं ठरलं तर इथे दोन आडनावं लावावी लागतील, बाबांचं आणि माझं जन्माचं. तेव्हा तू सायली आचरेकर जोशी होशील, आणि बाबांचं नाव मधून जाईल. म्हणजे मी आत येईन आणि बाबा बाहेर पडतील. यावर आम्ही दोघं काल रात्री बराच वेळ बोललो आणि आमचं काही ठरलं नाही.

सध्या शाळेच्या सहलीचा फॉर्म टेबलावर आहे, शुक्रवारपर्यंत द्यायचा. "दुसरं आडनाव" ही चौकट मी रिकामी ठेवली आहे. पासपोर्टवर नाही म्हणून तिथे रेघ मारली तरी चालते, आणि "जोशी" लिहिलं तरी सहलीला कुणी अडवणार नाही. पेन शेजारी ठेवलंय. तुला हवं ते तू लिही.

तुझी,
आई

ता. क. मुनाईनच्या त्या पोकळ ओकच्या झाडात तुम्ही दोघी शिरलात तो फोटो आजोबांना पाठवला. ते विचारताहेत, सोबतची मुलगी कुणाची आणि कुठल्या गावची. उत्तर तूच दे.