शोषलेली हवा वर्कशॉपमध्ये परत सोडावी का?

प्रश्न : आमच्याकडे स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग चालतं. एसी बसवल्यापासून धुराबरोबर गार हवाही ब्लोअर बाहेर फेकतो. ती गाळून परत आत घेतली तर?

उत्तर : घेता येते, पण धूर दिसेनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही. कार्ट्रिज फिल्टर फक्त कण अडवतो. ओझोन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ पार होतात, म्हणून बाहेरची ताजी हवा घ्यावीच लागते. हिशेब करून पाहा : डक्टमध्ये घनमीटरला 20 मिलिग्रॅम धूर असेल आणि फिल्टर 99 टक्के कण धरत असेल, तर 0.2 मिलिग्रॅम परत कामगारांच्या श्वासात येतो. स्टेनलेसच्या धुरात कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियम असतं, त्यामुळे इतकाही चालत नाही. कार्ट्रिजच्या पुढे हेपा फिल्टर (0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण धरणारा) हवाच. आमचा स्पष्ट सल्ला : स्टेनलेसचा धूर छतावरून बाहेरच सोडा. एसी नसलेल्या शॉपने तर या खटाटोपात पडूच नये.

प्रश्न : फिल्टर फाटला हे कळणार कसं?

उत्तर : कार्ट्रिज आणि हेपा, दोन्हींवर वेगवेगळा दाब-फरक मोजणारा गेज लावा आणि रोज नोंद ठेवा. कार्ट्रिजवरचा दाब हळूहळू चढणं नेहमीचं. तो अचानक पडला तर कार्ट्रिज फाटलंय किंवा गॅस्केट निसटलंय. हेपाचा दाब झपाट्याने चढू लागला, तरी दोष मागच्या कार्ट्रिजचाच धरा. नुसता गेज मात्र पुरेसा नाही. बारीक गळती त्यावर दिसतच नाही. शिशाबाबतचा अमेरिकी ओशाचा (तिथल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा) नियम यासाठी आदर्श मानावा : खात्रीचा राखीव फिल्टर, परतीच्या हवेत शिशाची सतत मोजणी आणि बिघाड होताच परतीचा मार्ग आपोआप बंद. हा मार्ग बंद करणारा डँपर (डक्टमधली झडप) वीज गेली तरी स्प्रिंगने ‘बाहेर’च्या बाजूला पडला पाहिजे. महिन्यातून एकदा मुद्दाम वीज तोडून तपासा.

परतीची हवा धूर ओढणाऱ्या हूडच्या तोंडावर सोडू नका, ओढला जाणारा धूर तिथेच विस्कटतो.

प्रश्न : सँडिंगच्या लाकडी भुश्शाचं काय?

उत्तर : इथे आधी स्फोटाचा विचार. कलेक्टर इमारतीबाहेर ठेवा आणि त्याला स्फोट-झडप (स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी) बसवा. परतीच्या डक्टमध्ये ठिणगी टिपणारा सेन्सर आणि झटक्यात बंद होणारा डँपर नसेल, तर हवा आत घेऊच नका.