शिक्का करायला टाकण्याआधी सर्टिफिकेट आणि फूटपट्टी समोर घ्या

गुहागरच्या ताईंनी विचारलंय की नोटरीचं सर्टिफिकेट हातात आलं, आता गोल शिक्का कसा करून घ्यावा, त्यात राजमुद्रा (सिंहांचं सरकारी चिन्ह) घालावी का आणि आत शाई भरलेला चालेल का. वाचताना माझाच पहिला आठवडा आठवला. सर्टिफिकेट फ्रेम करायला दिलं आणि येता येता शिक्काही टाकून आलो. म्हणजे शिक्का टाकताना सर्टिफिकेट जवळ नव्हतंच.

दुकानदार म्हणाला, "वकीलसाहेब, नोटरीचा साचा आपल्याकडे तयार आहे, नाव आणि नंबर तेवढा सांगा." सांगितला. तो साचा आमच्याच बारमधल्या (वकील संघातल्या) एका ज्येष्ठांचा होता. त्यांची नेमणूक राज्य शासनाची, माझी केंद्राची. नाव बदललं, नंबर बदलला आणि खाली 'गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र' जसंच्या तसं राहिलं. मी आपल्या नावाचं स्पेलिंग तेवढं तपासलं आणि पैसे देऊन निघालो.

पुढच्याच महिन्यात गणपती. आपल्याकडे नोटरीचा खरा हंगाम तोच, कारण सातबाऱ्यावरचे सगळे सहहिस्सेदार वर्षातून तेव्हाच एका ओटीवर सापडतात. आरत्या आटोपून चाकरमानी माझ्याकडे. एका घरातल्या सहा जणांनी वाटपाच्या दाव्यासाठी गावातल्या भावाला कुलमुखत्यारपत्र दिलं. मी ऐटीत ठसे उमटवले आणि मंडळी गौरी-गणपती विसर्जन करून परत मुंबईला गेली.

दाव्यात समोरच्या वकिलांनी ते कागद हातात घेतले आणि विचारलं, हे नोटरी नक्की कोणाचे? शिक्का राज्याचा, नेमणूक केंद्राची! ती हरकत शेवटपर्यंत टिकली असती की नाही हा वेगळा वाद आहे. माझ्या मते नसती टिकली. पण कुलमुखत्यारपत्र नोटरीसमोर झालं की ते रीतसर झालंय असं कोर्ट गृहीत धरतं, आणि अशिलाला त्या गृहीतकावर डाग नको होता. बरोबरच होतं त्याचं. कागद पुन्हा करायचे ठरले. आता मी मुंबईला जाऊन करू शकत नाही, माझं क्षेत्र रत्नागिरी जिल्हा. सगळ्यांना गावी बोलवायचं, तेही माझ्या खर्चाने. पाच जण शिमग्याला आले. सहावी त्यांची आत्या, ती शिमग्यापर्यंत राहिली नाही. एका सहीच्या जागी चार वारस उभे राहिले, त्यातला एक परदेशात. त्या घरी मी आजही जरा मान खाली घालूनच जातो.

मधल्या काळात मी एका कार्यालयात (नाव घेत नाही) विचारायला गेलो की चुकीचा शिक्का जमा कुठे करायचा आणि झालेल्या कागदांचं काय. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने "असा अर्ज आमच्याकडे येत नाही" म्हणून परत पहिल्याकडे. लेखी दिलं तर पोच द्यायलाही का-कू. रजिस्टर पोस्टाने पाठवलं, त्याचं उत्तर अजून यायचंय. शेवटी नवा शिक्का केला, जुन्याचं रबर ब्लेडने उभं-आडवं कापलं आणि रजिस्टरमध्ये तारखेसह नोंद करून सही केली. हे नियमात लिहिलंय असं नाही, माझी आपली काळजी.

तर नियम. नोटरी नियम १९५६, नियम १२. साधा गोल शिक्का, व्यास ५ सेंटिमीटर. त्यात तुमचं नाव, नेमून दिलेलं क्षेत्र, नोंदणी क्रमांक, कडेने 'नोटरी' आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचं नाव. एवढंच. हे सगळं सर्टिफिकेटवरून अक्षर न अक्षर उतरवा. सर्टिफिकेटवर तालुका असेल तर तालुका, जिल्हा असेल तर जिल्हा. प्रूफ मोबाइलवर पाहून 'ओके' कळवू नका. कागदावर ठसा मागा आणि पट्टी लावा. बऱ्याच दुकानांत हाताशी असलेला साचा ४ सेंटिमीटरच्या आसपासचा असतो, तोच पुढे सरकवतात.

राजमुद्रेबद्दल माझं मत कडक आहे. नियमात शब्द 'साधा' असा आहे आणि राजमुद्रेच्या वापरासाठी २००५चा स्वतंत्र कायदा आहे. अनेक नोटरी सर्रास घालतात, मला माहीत आहे. दुकानदारही "भारी दिसतं" म्हणून आग्रह करेल. घालू नका.

सर्टिफिकेटची मुदतही काही जण गोल शिक्क्यातच कोरून घेतात. मुदत ५ वर्षांची, म्हणजे नूतनीकरण झालं की शिक्का बाद. त्यासाठी वेगळा छोटा चौकोनी शिक्का ठेवा.

आत शाई भरलेला की पॅडवरचा, याबद्दल नियम १२ काही सांगत नाही. मी पॅडवाला वापरतो. लाकडी मुठीला चिकटवलेलं रबर आपल्या पावसाळ्यात एका कडेने सुटायला लागतं आणि मग नेमका नोंदणी क्रमांक उमटत नाही, म्हणून मूठ प्लास्टिकची घ्या. जून ते सप्टेंबर कागदच दमट असतो. ठसा पंख्याखाली वाळू द्या, लगेच घडी घालू देऊ नका. खेड, दापोलीकडचे आखातात जाणारे कागद पुढे दोन-तीन टेबलांवरून जातात आणि फिसकटलेल्या नंबरावर तिथे कोणी दया करत नाही. अक्षरंही त्यासाठीच इंग्रजीत ठेवलीत.

अजून एक, पक्षकार 'स्टॅम्प' म्हणतो तेव्हा त्याला शिक्का, नोटरीचं तिकीट आणि स्टॅम्पपेपर यांतलं काहीही अभिप्रेत असतं. नीट विचारून घ्या, नाहीतर पेपर त्याने आणला नाही हे सह्या झाल्यावर कळतं.

हा माझा अनुभव झाला, कायदेशीर सल्ला समजू नका. नियमांत दुरुस्त्या होत असतात, ताजी प्रत स्वतः वाचा. आणि ताई, प्रूफ आलं की इथे दाखवायला हरकत नाही, पण नोंदणी क्रमांक झाकून टाका.