आधी पोरगं वाचतंय का ते बघा, निकालपत्रक नंतर

तुम्ही विचारलंय की गरीब देशांतल्या सरकारी शाळांचं नेमकं कुठे बिघडलंय ते ओळखायचं कसं आणि सुधारायचं कसं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात जि.प. शाळांवर 22 वर्षं काढली म्हणून लिहितोय.

माझ्याकडे पाचवी आली तेव्हा चौथीच्या निकालात जवळपास सगळ्यांना अ नाहीतर ब श्रेणी. मी एकेकाला व्हरांड्यात बोलावून दुसरीचा उतारा दिला. 34 पैकी 13 जणांनी सलग वाचला. एक पोरगा अक्षरावर बोट ठेवून नुसता उभा, बऱ्याच वेळाने म्हणतो, "सर, माले इतलंच येस." पाचवीतलं पोरगं! तक्ता करून केंद्रप्रमुखांकडे नेला तर म्हणे, हे कागदावर आणू नका, वर उत्तर मला द्यावं लागतं. तिथून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच.

मग दुपारनंतर दीड तास तिसरी ते पाचवी एकत्र बसवायचो, इयत्ता बघायची नाही, अक्षरवाले, शब्दवाले, उतारावाले असे गट. गोष्ट आधी पोरांच्या घरच्या बोलीत, अहिराणीत, मग तीच मराठीत फळ्यावर. कापूस वेचणीला निम्मी पोरं गायब व्हायची, आली की पुन्हा मागून सुरुवात. मार्चमध्ये पाचवीतले 26 जण वाचत होते. तरी साहेबांचं एकच, अभ्यासक्रम मागे पडला. अहो, ज्याला वाचताच येत नाही त्याचा अभ्यासक्रम पुढे तरी कुठे गेला होता?

पातळीनुसार शिकवणं 'प्रथम' ही शिक्षणात काम करणारी संस्था आधीपासून करत होती, बॅनर्जी-डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबई-वडोदऱ्यात तिच्याच बालसखीच्या (मागे पडलेल्या पोरांना वेगळं बसवून शिकवणारी बाई) कामाचा अभ्यास करून फायदा दाखवला. केनियात क्रेमर वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी शाळांना पुस्तकं देऊन बघितलं तर फायदा फक्त आधीच हुशार असलेल्यांना, कारण पुस्तकं इंग्रजीत. आमच्या पोरांचं प्रमाण मराठीशी तेच होतं, हे मी मीटिंगमध्ये बोललो की सगळे खाली बघायचे.

तर मोजायचं असेल तर 2005 पासून 'असर' या शिक्षणाच्या पाहणीवाले करतात तसं करा, घरी जाऊन दुसरीचा उतारा आणि हातच्याची वजाबाकी. ज्याने शिकवलं त्यानेच दिलेले मार्क धरू नका. टॅब नि डिजिटल क्लासरूम त्यानंतर.

हां, माझी शाळा सपाटीवरची होती. सातपुड्यातल्या पाड्यांवर पावरी बोलणाऱ्या पोराला अहिराणीही परकीच, आणि आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले की गट पाडायला पोरंच नसतात, तिथे आधी हंगामी वसतिगृह लागतं.

पण कुठेही करा, खरा आकडा देणाऱ्या मास्तरला पहिली दोन वर्षं नोटीस काढू नका, नाहीतर पुढच्या वर्षी परत सगळ्यांना अ श्रेणी मिळेल.